वायरीनं खाल्लेली ऊब

माझ्या लग्नात रुखवतात टाँग टेस्टर होता. खोटं नाही सांगत. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, करंज्यांनी भरलेली परात, आणि त्या सगळ्याच्या शेजारी काळ्या डबीतला तो टेस्टर. नवऱ्याकडच्या एका मावशींनी उचलून बघितला आणि विचारलं, "हे काय गं बाई, अडकित्ता का?" दिसतो तो तसाच. वायरीला अडकित्त्यासारखा धरायचा, की वायर न तोडता आतून किती अँपिअर जातात ते काटा दाखवतो. आणि दोन पिना लावल्या की त्याच्यावरच व्होल्टही मोजता येतात. मी म्हटलं, "हो मावशी, पण सुपारी फुटत नाही याच्यानं." आई माझ्याकडं असं बघत होती की बस्स!

तो ठेवला होता माझ्या वडिलांनी. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळक्या वॉर्निशच्या वासात मी लहानाची मोठी झाले. शाळेत ओहमचा नियम आला तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या घरी तो भाजीच्या भावासारखा बोलला जायचा. वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सांगायचे, "देवळात शिरायला मागनं रेटा असतो ना, तो व्होल्ट. दारातनं आत जातात ती माणसं म्हणजे अँपिअर. आणि दार जितकं अरुंद तितका ओहम जास्त. रेट्याला माणसांनी भागलं की दार किती अरुंद ते कळतं. आणि रेटा गुणिले माणसं म्हणजे काम किती झालं, ते वॅट." बीएस्सीला फिजिक्स घेतलं, तीन वर्षं जाडजूड पुस्तकं वाचली, पण यापेक्षा सोपं कुणी सांगितलं नाही.

लग्न झालं ते दिंडोरीकडच्या एका गावात. नव्वदचं दशक संपत आलं होतं. द्राक्षबाग, चार गाई, थोडा कांदा. सासरे मी येण्याआधीच गेलेले. घर चालायचं सासूबाईंच्या शब्दावर. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. उंच, काटक, कमी बोलणाऱ्या, गळ्यात तुळशीची माळ. घरात कांदालसूण चालायचा, पण मांसमच्छी, अंडं यातलं काही उंबरा ओलांडत नसे. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं वेगळंच होतं. त्या घरात माझं म्हणावं असं एकही काम नव्हतं. स्वयंपाक आत्याबाईंच्या पद्धतीचा, बाग नवऱ्याची, गाई गड्याच्या. गावात कुणाचा फ्यूज उडाला की मी जायची, आणि लोक कौतुकानं म्हणायचे, "शिकलेली सून हाय, फ्यूज बांधती." झालं! फिजिक्सच्या पदवीचं सार्थक!

तेव्हा आमच्या भागात पोल्ट्रीची हवा सुरू झाली होती. मी नवऱ्याच्या मागं लागले. एक शेड टाकू, मी बघते, तुम्हाला हात लावावा लागणार नाही. हे माझ्यासारखे तडतडे नाहीत. बागेत हिंडून आले, विचार करून आले, आणि म्हणाले, "पिल्लांचा एक लॉट. जमला तर पुढं बघू. नाही जमला तर पुन्हा विषय काढायचा नाही." मी म्हटलं, "कबूल." खरी परवानगी अजून बाकी होती. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या नजरंला पडू नये, कानाला ऐकू येऊ नये. घरापासून लांब टाका. नाल्याच्या कडंला."

म्हणून शेड नाल्याच्या कडेला झाली, सगळी बाग ओलांडून पार पलीकडं. तिथवर वीज न्यायला नवी वायर घ्यायची तर मोठा खर्च. घरात विहिरीवरच्या जुन्या कामातली ॲल्युमिनियमची वायर पडली होती, बारीक, तुकड्या-तुकड्यांची. ह्यांनी ती गाठी मारमारून जोडली आणि द्राक्षाच्या अँगलला बांधत-बांधत शेडपर्यंत नेली. चार बल्ब लावले, दोनशे वॅटचे. बटण दाबलं, लागले. लागले म्हणजे झालं, असंच वाटतं ना आपल्याला?

पिल्लं आली ती भोकं पाडलेल्या खोक्यांतून, एका दिवसाची. खोकं उघडलं की पिवळाधमक गलका. मी शेडमध्ये साळीचं तूस अंथरलं होतं, पत्र्याचं गोल कुंपण केलं होतं, त्याच्यावर बल्ब टांगलेले. एकेकाची चोच पाण्यात बुडवून सोडायची. तळहातावर घेतलं की त्या एवढ्याशा छातीत काहीतरी भराभरा धडधडायचं. मला वाटलं होतं धंदा करायचाय. मला त्यांचा इतका लळा लागेल हे कुठं माहीत होतं!

पिल्लाला स्वतःची ऊब नसते. पिसं फुटेपर्यंत ती बाहेरून द्यावी लागते. ऊब पुरेशी असली की पिल्लं कुंपणभर पसरतात, टिपतात, झोपतात. कमी पडली की एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. वरच्यांना ऊब मिळते आणि खालची गुदमरून मरतात. थंडी त्यांना मारत नाही, थंडीपायी त्यांचीच भावंडं मारतात. हे सांगतानाही मला कसंतरी होतं.

पहिले काही दिवस बरे गेले. मग थंडीची लाट आली. आमच्याकडं लाट आली की संध्याकाळपासून बागांतून शेकोट्या पेटतात, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. सकाळी शेडवर गेले तर कोपऱ्यात ढीग होता. वरची पिल्लं मी उचलून बाजूला केली, आणि खालची उचलली ती चपटी झालेली, गार. ओच्यात घेऊन मी नाल्याकडं गेले, खड्डा केला, आणि तिथंच बसून रडले. नवऱ्यानं बिचाऱ्यानं दिंडोरीहून आणखी तीन बल्ब आणले. आता सात झाले. "सात गुणिले दोनशे म्हणजे चौदाशे वॅट," हे म्हणाले. "शेकोटी लावल्यासारखं होईल बघ."

दिवस कलला, बल्ब लावले. आणि मला ते आवडेनात. उजेड होता, पण दोडक्याच्या फुलासारखा पिवळा, मिणमिणता. बल्बातली तार डोळ्यांनी सहज बघता येत होती. दोनशे वॅटच्या बल्बाकडं असं बघता येत नाही, डोळे दिपतात. हात धरला तर कोमट. पिल्लं पुन्हा कोपऱ्याकडं सरकायला लागली होती. ह्यांनी कोळशाची शेगडी आणून ठेवली, तर शेडभर धूर कोंडला आणि पिल्लं चोची उघडून धापा टाकायला लागली. शेगडी बाहेर काढावी लागली.

"आणखी बल्ब आणू का?" ह्यांनी विचारलं.

"थांबा हो जरा!" मी खेकसले. "सारखं बल्ब, बल्ब! आधी बघू तरी, हे आहेत ते काय खातायत."

धावत घरी जाऊन मी ट्रंकेतून तो अडकित्ता काढला. शेडमध्ये येऊन बल्बांच्या तोंडाशी व्होल्ट मोजले. एकशे साठ. वायरीला चिमटा लावला. पाच अँपिअर. एकशे साठ गुणिले पाच, आठशे. चौदाशे वॅट नाहीतच! आठशे! काहीतरी मधेच गळत होतं. लाइट कमी आहे म्हणावं तर आमच्याकडं दोनशे तीस असं कधी पूर्ण येतच नाही, पण एकशे साठ? पुन्हा घराकडं गेले, बल्ब तसेच चालू ठेवून. पुढच्या खोलीत मीटरशेजारचा बोर्ड होता, जिथून ती वायर निघत होती. तिथं पिना लावल्या. दोनशे.

घरात दोनशे, शेडमध्ये एकशे साठ. चाळीस व्होल्ट वाटेत गेले. चाळीसला पाचनं भागलं, आठ. आठ ओहम, हे त्या वायरीचं अरुंद दार. आणि चाळीस गुणिले पाच, दोनशे. दोनशे वॅट ती वायर एकटी खात होती. म्हणजे एक अख्खा बल्ब बागेत कुठंतरी न दिसता जळत होता, द्राक्षांना ऊब देत होता, आणि माझी पिल्लं कुडकुडत होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं! चार बल्ब होते तेव्हाही खात असणार, पण कमी. आम्ही बल्ब वाढवले तशी अँपिअर वाढली, तशी वायरीची भूकही वाढली. आणि ती भूक सरळ हिशेबानं वाढत नाही. माणसं दुप्पट झाली तर दारातली चेंगराचेंगरी चौपट होते.

मी बागेतून वायरीच्या कडेकडेनं गेले. एका गाठीवरची चिकटपट्टी वितळून ओघळली होती. जवळ गेलं की जळका वास. म्हणजे आणखी बल्ब लावले तर ही गाठच जळणार, आणि मग सगळाच अंधार. नवीन जाड केबल आणायची तर उद्या. आणि अंगावरची शाल ओढून घ्यावी असा वारा नाल्याकडून सुटला होता. आज जर ढीग झाला तर लॉट गेला, आणि लॉट गेला म्हणजे माझा विषय कायमचा बंद.

एकच मार्ग होता. वायर लांब आहे म्हणून खाते. मग वायर नकोच. बल्ब थेट मीटरजवळ लावायचे आणि पिल्लं तिथं न्यायची. म्हणजे पुढच्या खोलीत. आणि पुढच्या खोलीत आत्याबाईंचा देव्हारा.

मी स्वयंपाकघरात गेले. त्या भाकरी थापत होत्या. मी त्यांना सांगायला लागले. वायर लांब आहे म्हणून ऊब खाते, घरात दोनशे आहेत, तिकडं एकशे साठ, गाठ जळायला आली, पिल्लं पुढच्या खोलीत बोर्डापाशी आणावी लागतील. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्या ऐकत होत्या. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "मग वायर एवढी लांब कशाला टाकली?"

माझं डोकंच सटकलं. लग्नाला इतके दिवस झाले, मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. "कशाला म्हणजे? तुमच्यामुळं!" मी ओरडले. "नजरेला पडू नये, कानाला ऐकू येऊ नये, म्हणून! तुमच्या माळेला काही होऊ नये म्हणून तिकडं ते एवढेएवढे जीव थंडीनं चेंगरून मरतायत! सकाळी ओच्यातून नेली मी! तुम्हाला कोंबडं मारलेलं चालत नाही, पण मरू दिलेलं चालतं!"

हे दारात येऊन उभे होते. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला. आत्याबाईंनी ती उचलून गाईच्या टोपलीत टाकली, तवा खाली उतरवला, हात धुतले. मला वाटलं आता माहेरी पाठवतात.

त्या उठून पुढच्या खोलीत गेल्या. देव्हाऱ्यातले देव एकेक करून तांब्याच्या ताटात घेतले, विठोबा, खंडोबा, देवीचा टाक, बाळकृष्ण. ताटावर आपलं धुतलेलं लुगडं झाकलं आणि गोठ्याकडं निघाल्या. दारातून जाताना माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आणा. आन् सतरंजी काढून घ्या आधी, घाण करतील."

आम्ही पाट्यांतून पिल्लं आणली, वर गोधडी टाकून, बागेतून धावत. आत्याबाई गोठ्याच्या दारात कंदील धरून उभ्या होत्या, आम्हाला वाट दिसावी म्हणून. गाईंच्या शेजारी बाजेवर त्यांनी देव मांडले होते. खोलीत पत्र्याचं कुंपण उभं केलं, तूस टाकलं, बोर्डातून वीतभर वायर काढून तेच सात बल्ब टांगले. बटण दाबलं आणि खोली अशी उजळली की ह्यांनी डोळ्यांपुढं हात धरला. मी चिमटा लावला. साडेपाच अँपिअर. दोनशे गुणिले साडेपाच, अकराशे. लाइटच कमी म्हणून चौदाशे नाहीत, पण आठशेही नाहीत. तेच बल्ब, तेच घर, तीच वीज! वर चार भिंती ऊब धरून ठेवणाऱ्या. थोड्या वेळानं ढीग सैल झाला. एक पिल्लू बाहेर पडलं, मग दोन, मग सगळी कुंपणभर पांगली, आणि चिवचिव हळू होत-होत नुसती कुजबुज राहिली. मी ह्यांच्याकडं बघितलं. हे हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. "अडकित्ता कामाचा हाय तुझा," म्हणाले.

जाड केबल लगेच आणली, तरी पिसं फुटेपर्यंत पिल्लं खोलीतच ठेवली. गाव बघायला यायचं. "माळकऱ्याच्या घरात कोंबड्या आन् देव गोठ्यात," अशी चेष्टा व्हायची. आत्याबाई म्हणायच्या, "कृष्ण गोठ्यातच वाढला, त्याला नवं नाय." पूजा तिथंच करायच्या. खोलीत मात्र पाय ठेवत नव्हत्या. मग एकदा उंबऱ्यापर्यंत आल्या. मग उंबऱ्यावर बसायला लागल्या, तांदळाचं सूप मांडीवर घेऊन. लाइट गेली की मी पोचायच्या आत त्यांचीच हाक यायची, "अगं पळ, गोळा व्हायला लागले!" आणि एक दिवस बघते तर सुपातली कणी त्या आत भिरकावत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "किडकी होती." किडकी बिडकी काही नव्हती.

पिसं फुटली, पिल्लं शेडवर गेली. खोली शेणानं सारवली, गोमूत्र शिंपडलं, देव परत आले. लॉट सुरेख वाढला. पांढरीशुभ्र, भरलेली कोंबडी. आत्याबाई दिवस कलला की बागेतून चालत शेडपर्यंत यायच्या आणि जाळीबाहेर उभ्या राहायच्या. मी मनातून फुगले होते. जिंकले होते मी! गाडी येणार, लॉट जाणार, आणि पुढचा लॉट माझा.

गाडी सकाळी आली. प्लास्टिकचे पिंजरे उतरवले. माणसं सराईत होती. कोंबड्या पाय धरून उचलायच्या, उलट्या, हातात गुच्छ करून, आणि पिंजऱ्यात कोंबायच्या. फडफड, पिसं, कलकलाट. मला ठाऊक नव्हतं का, त्या कुठं चालल्यात? पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ठाऊक असणं निराळं आणि समोर बघणं निराळं. वळून बघते तर जाळीपाशी आत्याबाई. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं, आज गाडी आहे म्हणून.

गाडी नाला ओलांडून गेली तशा त्या म्हणाल्या, "थंडीनं मेले असते तर देवानं नेले म्हटलं असतं. आता कुणी नेले म्हणू?"

मी उसळले. मला राग असाच येतो. "मग तेव्हा घरात का आणू दिलेत? देव का उचललेत? नाही म्हणायचं होतं!"

"कुडकुडत होते," त्या म्हणाल्या. "कुडकुडणाऱ्याला आत घ्यावं, एवढंच मला कळतं. पुढचं तुझं तुला कळंल."

त्या बागेतून घराकडं निघून गेल्या. हे खुशीत आले, शब्दाचे पक्के, म्हणाले, "जमलं की गं तुला! पुढचा लॉट कधी सांगू?" रिकाम्या शेडमध्ये तुसावर पांढरी पिसं पडली होती. किती व्होल्ट आले, किती गेले, वाटेत कोण काय खातं, हे सगळं मी मोजून सांगू शकत होते. पण आत्याबाईंनी विचारलं त्याला चिमटा लावायचा कुठं? मी ह्यांना म्हटलं, "सांगा. येऊ द्या." आणि शेडचं दार ओढून घेऊन आत हमसाहमशी रडले.

पुढं कितीतरी वर्षं मी तो धंदा केला, चांगला केला, दुसरी शेड टाकली. पण गाडी येऊन गेली की त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नसे. घरात मी कधी बोलून दाखवलं नाही. आत्याबाईही कधी बोलल्या नाहीत, आणि एरवी दहादा हाका मारणाऱ्या त्या बाई त्या दिवशी मला जेवायला हाक मारत नसत. माझं ताट वाढून, झाकून ठेवायच्या. त्याच्या शेजारी आपलंही झाकून ठेवायच्या.